वाचकांचे प्रश्न : खडीच्या खांबावर गोदाम

प्रश्न : उरणजवळ खाडीकाठी गोदाम बांधायचे आहे. मुरुमाच्या भरावाखाली आठ मीटर मऊ चिकणमाती लागली. सल्लागार पाइलऐवजी (काँक्रीटच्या खोल खांबांऐवजी) स्टोन कॉलम, म्हणजे जमिनीत भोक पाडून ठोकून भरलेले खडीचे खांब, सुचवतात. नुसती खडी भार कशी पेलणार? आणि काम चालू असताना आम्ही काय पाहावे?

उत्तर : खडीला धरून ठेवते ती भोवतीची माती. भार आला की खांब वरच्या भागात, साधारण व्यासाच्या चौपट खोलीपर्यंत, फुगू पाहतो आणि माती त्याला आवळून धरते. त्यामुळे माती अगदीच पातळ चिखलासारखी असेल किंवा मध्येच कुजक्या पाल्यापाचोळ्याचा जाड थर असेल, तर हा उपाय चालत नाही. एवढे मात्र आधीच समजून घ्या की जमीन खचणे कमी होते, शून्य होत नाही. खांबातून पाणी निघून जात असल्याने जे खचायचे ते लवकर खचते, हाही फायदाच.

कामावर खडीचा हिशोब स्वतः ठेवा. ९०० मिमी व्यासाच्या खांबात दर मीटरला ०.६४ घनमीटर ठोकलेली खडी बसते. सैल मोजली तर सुमारे ०.८. म्हणजे दहा मीटरच्या खांबाला आठ घनमीटरच्या आसपास. पाच-साडेपाचातच खांब भरला, तर तो कुठेतरी बारीक झाला आहे किंवा ठोकाई कमी पडली आहे. प्रत्येक खांबाची नोंद त्याच दिवशी, खोलीनुसार झाली पाहिजे.

बहुतेक बिघाड केसिंगपाशी, म्हणजे भोक ढासळू नये म्हणून घातलेल्या लोखंडी नळीपाशी, होतो. बेलरने (माती उपसणाऱ्या नळकांड्याने) माती काढताना आतल्या पाण्याची पातळी बाहेरच्या भूजलापेक्षा खाली गेली की तळातून चिखल वर उसळतो आणि खडीत मिसळतो. केसिंग वर खेचताना तिचे खालचे टोक खडीतच बुडालेले हवे. घाईने ते बाहेर आले तर बाजूची माती आत शिरते आणि खांब तिथेच तुटतो. खडी कठीण, स्वच्छ आणि लहानमोठ्या आकारांची घ्या. क्रशरची भुकटी असलेली खडी पाण्याची वाट बुजवते.

वरचा अर्धा मीटर भाग आवळला जात नाही, म्हणून सैलच राहतो. तो काढून किंवा दाबून घ्या आणि त्यावर किमान ५०० मिमी जाड वाळूचा थर ठोकून बसवा. एका खांबाची आणि तीन खांबांच्या गटाची भारचाचणी झाल्याशिवाय पायाचे काँक्रीट ओतू देऊ नका.

प्रश्न : काळ्या रेगाड जमिनीतल्या बंगल्याला हेच करावे का?

उत्तर : नको. तिथला त्रास माती फुगण्या-आकसण्याचा. खडीतून पावसाचे पाणी थेट खोलवर जाईल आणि माती अधिकच फुगेल. अंडर-रीम्ड पाइलचा, म्हणजे खाली फुगीर केलेल्या काँक्रीटच्या खांबांचा, विचार करा.