कॅप्शनवाला फोन: आधी घरच्या माणसाशी बोला

समोरच्याचं बोलणं स्क्रीनवर अक्षरांत दाखवणारा फोन वापरणार असाल, तर पहिला कॉल बँकेला किंवा डॉक्टरांना लावू नका. घरच्या कुणाशी तरी चार-पाच दिवस गप्पा मारा, म्हणजे डोळ्यांना सवय होते. अक्षरं आवाजाच्या थोडी मागून येतात. त्या मधल्या शांततेत समोरच्याला वाटतं फोन कटला. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाका, "मला कमी ऐकू येतं, तुमचं बोलणं वाचून उत्तर देतो, जरा थांबा." मला हे सांगायची लाज वाटायची. उगाच दोन वर्षं घालवली.

आकड्यांवर मात्र अजिबात विश्वास नको. माझ्या स्क्रीनवर 'सत्तर' आलं, माणूस म्हणाला होता 'सतरा'. तेव्हापासून मी एकेक अंक सुटा वदवून घेतो आणि परत म्हणून दाखवतो. नावांचंही तेच.

आणखी एक घोळ: २०१९ साली आलेलं गूगलचं 'लाइव्ह ट्रान्स्क्राइब' हे बोलणं लिहून दाखवणारं ॲप माइकमधून ऐकतं, ते कॉलसाठी बनवलेलं नाही. त्यासाठी कॉल एका फोनच्या स्पीकरवर ठेवा, ॲप दुसऱ्या फोनवर चालवा. हा जुगाड चालतो, पण खोलीत टीव्ही, पंखा बंद हवा. आणि भाषा मराठी निवडलीय ना, तेवढं आधी बघा.