दुसऱ्या चित्रपटापूर्वी

मालवण

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझा चित्रपट मी कणकवलीला जाऊन दोनदा पाहिला. पहिल्यांदा आपल्या गावचा मुलगा पडद्यावर दिसतो म्हणून पाहिला. दुसऱ्यांदा मागच्या रांगेत बसून केवळ तुझ्या हातांकडे पाहिले. रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, दोरी ओढून झाल्यावर तू वाळूत बसून फाटलेले जाळे सांधतोस, समोर वडील कर्जाचे बोलत असतात आणि तू मान वर करत नाहीस, हा त्या चित्रपटातला सर्वांत चांगला प्रसंग आहे. वर्तमानपत्रांनी त्याला ‘संयत अभिनय’ म्हटले. माझ्या मते तो अभिनय नव्हता. तुझी बोटे ते काम लहानपणापासून करत आली आहेत, कॅमेरा लागला म्हणून ती बिचकली नाहीत, आणि बोटे कामात होती म्हणून चेहराही शांत राहिला. याउलट बँकेतल्या काउंटरपाशी तू उभा आहेस तिथे एक हात खिशात जातो, मग केसांवर जातो, मग पुन्हा खिशात. तिथे तुला कोणी तुझे रोजचे काम दिलेले नव्हते.

हे वाचून रागावू नकोस. कौतुक करणारे तुझ्याभोवती आता पुष्कळ आहेत, त्यात माझी भर कशाला?

नवख्या मुलांना थेट त्यांच्या मातीतून उचलून कॅमेऱ्यासमोर उभे करण्याचे धाडस मराठी चित्रपटाने गेल्या वीसेक वर्षांत अनेकदा केले आहे आणि त्याचे फळही मिळाले आहे. ‘फँड्री’साठी सोमनाथ अवघडेला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तर 2016 साली प्रदर्शित झालेल्या ‘सैराट’साठी अकलूजच्या रिंकू राजगुरूची राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष दखल घेतली गेली. या मुलांचे श्रेय तसूभरही कमी होत नाही. परंतु अशा चित्रपटात नेमका माणूस हेरण्यातच दिग्दर्शकाचे निम्मे काम झालेले असते. तुझ्या दिग्दर्शकानेही तुला हेरले. दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी मात्र तुला हेरण्यासारखे काही उरलेले नसते, कारण तू कोण आहेस हे सर्वांनी पाहिलेले असते. मग एकतर तेच पुन्हा मागितले जाते किंवा तुला जे येत नाही ते मागितले जाते. तुझ्याकडे आलेल्या पाच प्रस्तावांपैकी चारांत तू खलाशीच आहेस असे तू फोनवर हसत सांगितलेस. मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही.

‘जैत रे जैत’ पुन्हा एकदा पाहा. 1977 चा चित्रपट, आपल्याच कोकणपट्टीतल्या ठाकर आदिवासींचे जीवन त्यात आहे. त्यातला नाग्या ज्यांनी केला ते डॉ. मोहन आगाशे पेशाने मानसोपचारतज्ज्ञ, आणि चिंधी करणाऱ्या स्मिता पाटील पुण्यात वाढलेल्या, आधी दूरदर्शनवर बातम्या देणाऱ्या. दोघांचाही जन्म त्या डोंगरात झालेला नव्हता. त्याच वर्षी आलेल्या ‘भूमिका’त स्मिता पाटील तरुण वयापासून प्रौढपणापर्यंतची एक चित्रपट अभिनेत्री झाल्या आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एकाच वर्षात डोंगरातली ठाकरीण आणि स्टुडिओतली नटी. वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी त्या गेल्या, तरी त्यांच्या भूमिकांची यादी काढली तर त्यांतली कोणती मूळची त्यांची स्वतःची, हे सांगता येत नाही. तुला मागायचे असेल तर हे माग.

ते शिकायला पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटला किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात जाता आले तर अवश्य जा, प्रवेशपरीक्षेची तयारी मी करून घेईन. पण तोवर आपल्याकडे जी शाळा आहे तिच्याकडे तू पाठ फिरवली आहेस. गेल्या हिवाळ्यात आमच्या देवळातल्या जत्रेला दशावताराच्या आधी मी रंगायला बसलेल्या नटांपाशी जाऊन बसलो होतो. त्यांतला स्त्रीपार्टी करणारा गडी दिवसा रिक्षा चालवतो. तोंडाला रंग लावण्यापूर्वी त्याने चहा बशीत ओतून, मांडी पसरून, फुर्र करून प्यायला. तासाभराने लुगडे नेसून झाल्यावर पुन्हा चहा आला, तेव्हा त्याने कप बोटांच्या टोकांनी धरला, कोपर अंगाशी घेतले, पदर सावरला आणि एक घोट घेऊन कप खाली ठेवला. प्रेक्षक अजून आलेले नव्हते, समोर मी एकटा म्हातारा होतो. त्या दिवशीचे आख्यान त्याला संध्याकाळी कळले होते, संवाद लिहिलेले नव्हतेच, तरी पहाटेपर्यंत तो एकदाही स्वतःचा झाला नाही. दशावताराचा आवाज आणि आविर्भाव कॅमेऱ्याला चालणार नाही हे खरे, पण तू आवाज घेऊ नकोस, तो चहा घे.

आवाजाचा विषय निघाला म्हणून सांगतो. तीस वर्षे शाळामास्तरकी आणि हौशी रंगभूमी करून मी पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो तेव्हा क्लोजअपमध्ये शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा बेताने वाक्य फेकले. ध्वनिमुद्रकाने कानावरचे हेडफोन काढून माझ्याकडे पाहिले. पुढचे नऊ टेक तलाठ्याच्या एका वाक्यासाठी गेले, आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलावर कोणी बसले नाही.

तुझ्या बोलीबद्दल लोक दोन प्रकारचे सल्ले देतील. हेल घालवून टाक असे काही सांगतील, तर हेल हेच तुझे भांडवल आहे असे दुसरे सांगतील. दोन्ही ऐकू नकोस. मच्छिंद्र कांबळींनी ‘वस्त्रहरण’ नाटकाचे हजारो प्रयोग करून मालवणीला व्यावसायिक रंगभूमीवर मानाने बसवले, त्यांच्यानंतर आलेल्या आळशी लेखकांनी मात्र मालवणी बोलणारा म्हणजे हशा काढणारा असे समीकरण करून टाकले. तू प्रमाण मराठी आणि हिंदी अशी कमव की ती बोलताना तुझे लक्ष उच्चाराकडे जाऊ नये. रोज सकाळी वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचणे हा जुना आणि कंटाळवाणा उपाय आहे, पण लागू पडतो. मालवणी घरी बोल, आणि तिच्यात रडण्याची भूमिका आली तर पैसे न बघता घे.

आता पैशांचे. नकार देण्याची ताकद बँकेतल्या शिलकीतून येते, म्हणून हे अभिनयाच्या गोष्टींपेक्षा कमी महत्त्वाचे समजू नकोस. मानधनातून 10 टक्के टीडीएस कापला जातो, तो तुझ्या पॅनवर जमा झाला की नाही हे दर तिमाहीला पाहत जा. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी करावी लागते; कुडाळला एखादा सनदी लेखापाल आत्ताच गाठून ठेव. मालिकेत काम केलेस तर पैसे हाती यायला साधारण तीन महिने लागतात असे धरून घरखर्च आख. चित्रपटाचा शेवटचा हप्ता डबिंगच्या आधी घ्यायचा असतो, कारण डबिंग झाल्यावर निर्मात्याचे तुझ्यावाचून काही अडत नाही. हे मला ठाऊक होते, तरी एका निर्मात्याच्या गोड बोलण्याला भुलून मी आधी डबिंग करून दिले. तो हप्ता अजून यायचा आहे, त्याला आता अकरा वर्षे झाली. ऑडिशनसाठी किंवा फोटोंसाठी पैसे मागणारा मनुष्य काम देणारा नसतो, हे तर तुला सांगायलाच नको.

तुझ्यापुढे ठेवलेला तीन चित्रपटांचा करार मात्र मला मुळीच आवडलेला नाही. पहिल्या चित्रपटाचे मानधन बरे दिसते, पण पुढच्या दोहोंचे आकडे आजच ठरवले आहेत आणि दरम्यान बाहेरचे काम त्यांच्या परवानगीवाचून घ्यायचे नाही असे कलम आहे. ते तिन्ही चित्रपट वेळेवर निघाले तर ठीक. एक जरी रखडला तरी बाविसाव्या वर्षी तू घरी बसशील, आणि तेही कागदोपत्री व्यग्र म्हणून. शिवाय तिन्ही कथांत समुद्र आहे.

मुंबईत खोली घ्यायची तर वर्सोव्याला आरामनगरच्या आसपास मिळते का पाहा, ऑडिशनची बरीच कार्यालये तिथेच आहेत. जवळ कोळीवाडाही आहे; सुक्या मासळीच्या वासाने पहिले काही दिवस तुला घर आठवेल, मग सवय होईल. ज्या दिवशी ऑडिशन नसेल त्या दिवशी एखाद्या बँकेत, पोस्टात किंवा रेशनच्या दुकानात तासभर उभा राहा आणि काउंटरपलीकडच्या माणसाचे हात पाहा. मोबाइल खिशात ठेव.

जत्रा सुरू झाल्या आहेत. दादरहून मध्यरात्रीची तुतारी एक्सप्रेस पकडलीस तर सकाळी कुडाळला उतरशील, मी स्थानकावर येतो. येताना त्या कराराची झेरॉक्स आण, सही केलेली नव्हे. आणि बँकेतला तोच प्रसंग या वेळी काउंटरच्या आतल्या कारकुनाच्या बाजूने बसवून आण. संवाद नसले तरी चालतील, पण शिक्का कोणत्या हाताने उचलायचा, शाईच्या पॅडवर किती वेळा टेकवायचा आणि समोरचा माणूस कर्जाचे बोलत असताना तो कुठे ठेवायचा, एवढे ठरवून ये.

तुझा,
मास्तर