पॅकेज काढून टाकल्यावरही फाइली मागे का राहतात आणि त्या सुरक्षितपणे कशा साफ कराव्यात?

तुम्ही लिहिले आहे की, उबुंटू या लिनक्स प्रणालीवर एंजिनएक्स हा वेब सर्व्हर बिघडल्यामुळे तुम्ही तो ‘एपीटी’ या पॅकेज हाताळणाऱ्या साधनाच्या ‘एपीटी रिमूव्ह’ आज्ञेने काढला, कॉन्फिगरेशन म्हणजे सेटिंग्ज जिथे असतात त्या ईटीसी डिरेक्टरीमध्ये मागे राहिलेली त्याची डिरेक्टरी हाताने पुसून टाकली, आणि पुन्हा इन्स्टॉल केल्यावर मुख्य कॉन्फिगरेशन फाइलच सापडत नाही म्हणून सर्व्हर सुरू होईनासा झाला. उरलेल्या फाइली पुसणे चुकीचे होते का, असे तुम्ही विचारता. फाइली पुसण्यात चूक नव्हती. त्या ज्या पॅकेजच्या नावावर नोंदलेल्या होत्या त्याच्याकरवी न पुसता परस्पर पुसल्या, एवढेच चुकले.

डेबियन आणि त्यावर आधारलेल्या उबुंटूमध्ये ‘रिमूव्ह’ म्हणजे प्रोग्राम काढणे आणि ‘पर्ज’ म्हणजे त्याच्या कॉन्फिगरेशनसह सर्व काढणे, हा फरक जाणीवपूर्वक ठेवलेला आहे. ईटीसीमधील ज्या फाइलींत तुम्ही स्वतः बदल केलेले असू शकतात त्या तुमच्या मेहनतीच्या मानल्या जातात, आणि म्हणून ‘रिमूव्ह’ त्यांना हात लावत नाही. अशा वेळी एपीटीच्या खाली प्रत्यक्ष काम करणाऱ्या ‘डीपीकेजी’ या साधनाच्या यादीत त्या पॅकेजच्या ओळीच्या सुरुवातीला ‘आरसी’ ही दोन अक्षरे दिसतात: पहिल्याचा अर्थ पॅकेज काढायला सांगितले आहे, दुसऱ्याचा अर्थ कॉन्फिगरेशन अजून शिल्लक आहे.

तुमची खरी अडचण इथून पुढे सुरू होते. पॅकेज ‘आरसी’ अवस्थेत असताना त्याची कॉन्फिगरेशन फाइल कोणी हाताने पुसली, तर ‘डीपीकेजी’ तिला हरवलेली फाइल समजत नाही. ती पुसणे हा सिस्टिम सांभाळणाऱ्याचा निर्णय आहे असे मानते आणि पुढच्या इन्स्टॉलच्या वेळी तो निर्णय पाळून ती फाइल परत ठेवत नाही. पहिल्यांदा हे कळले तेव्हा मलाही विचित्र वाटले होते, पण जी फाइल मी विचारपूर्वक काढली ती प्रत्येक अपडेटबरोबर परत यावी असे मलाही वाटणार नाही, हे लक्षात आल्यावर तो नियम पटला.

यात आणखी एक गुंता आहे. ईटीसीमधील त्या फाइली ‘एंजिनएक्स’ या पॅकेजच्या नाहीत, ‘एंजिनएक्स-कॉमन’ या त्याच्या सोबतच्या पॅकेजच्या आहेत. त्यामुळे केवळ ‘एपीटी पर्ज एंजिनएक्स’ असे लिहून काम होत नाही, आणि त्यानंतर साधे ‘ऑटोरिमूव्ह’, म्हणजे आता कोणालाच न लागणारी पॅकेजेस काढणारी आज्ञा, चालवले तर ‘एंजिनएक्स-कॉमन’ जाते खरे, पण तेही ‘आरसी’ अवस्थेतच राहते. दोन्ही नावे एकत्र देऊन पर्ज करा आणि मग नव्याने इन्स्टॉल करा; मुख्य फाइल परत येईल. इतर काही न काढता फक्त पुसलेल्या फाइली हव्या असतील, तर ‘डीपीकेजी’ला ‘फोर्स-कॉन्फमिस’ हा पर्याय देऊन ‘एंजिनएक्स-कॉमन’ पुन्हा इन्स्टॉल करता येते. तुमच्या साइटसाठी तुम्ही स्वतः लिहिलेल्या फाइली मात्र दोन्ही मार्गांनी परत येणार नाहीत. त्या बॅकअपमधूनच आणाव्या लागतील.

यापुढे कोणतीही उरलेली फाइल पुसण्याआधी ती कोणाची आहे हे विचारण्याची सवय लावून घ्या. ‘डीपीकेजी’ला मोठ्या एसचा पर्याय आणि फाइलचा पूर्ण पत्ता दिला, की ती मालक पॅकेजचे नाव सांगते. मालक निघाला तर पर्ज करा. तोही आधी ‘सिम्युलेट’ पर्यायाने, म्हणजे काय काय जाणार हे काहीही न पुसता दिसते. ‘आरसी’ अवस्थेतील सर्व पॅकेजेस एकदम निवडण्यासाठी २०२० मध्ये आलेल्या एपीटी २.० पासून टिल्ड (~) हे चिन्ह आणि त्याला जोडून सी हे अक्षर, एवढा छोटा पॅटर्न पुरतो, पण मी तो आधी फक्त यादी पाहण्यासाठी वापरतो आणि यादीतील प्रत्येक नाव वाचल्याशिवाय पुढे जात नाही.

मालक निघाला नाही, तर ती फाइल बहुधा प्रोग्रामने चालताना तयार केलेली असते. पॅकेज काढताना ‘डिरेक्टरी रिकामी नाही म्हणून काढली नाही’ असा जो इशारा दिसतो तो याच कारणाने. असा साठा मुख्यतः व्हार या सिस्टिमच्या डिरेक्टरीमधील लिब, लॉग आणि कॅश या डिरेक्टरींत असतो, आणि तिन्हींची किंमत सारखी नसते: कॅश निर्धास्त पुसावी, लॉग गरज संपल्यावर पुसावेत, पण लिबमध्ये खरा डेटा असतो. एका सर्व्हरवर डेटाबेसचे पॅकेज पर्ज करताना सर्व डेटाबेसही काढायचे का, असा प्रश्न पडद्यावर आला होता आणि मी घाईत होकार दिला. त्यात एक डेटाबेस असा होता की ज्याची प्रत आदल्या आठवड्याचीच होती, आणि मधल्या दिवसांतील नोंदी दुसऱ्यांना पुन्हा भराव्या लागल्या. तेव्हापासून लिबमधील डिरेक्टरीची बांधलेली प्रत दुसऱ्या डिस्कवर गेल्याशिवाय मी तिथे पर्ज चालवत नाही.

पॅकेजसाठी तयार झालेला सिस्टिम यूजर मागे राहिला तर त्याला राहू द्यावे असे माझे मत आहे. तो काढला आणि त्याचा क्रमांक पुढे दुसऱ्या यूजरला मिळाला, तर डिस्कवर कुठेतरी उरलेल्या जुन्या फाइलींची मालकी आपोआप त्या नव्या यूजरकडे जाते.

होम डिरेक्टरीत पर्जही शिरत नाही, आणि तसेच असायला हवे. तिथल्या लपलेल्या ‘कॅश’ डिरेक्टरीतील प्रोग्रामच्या नावाचा भाग पुसण्यास हरकत नाही, ‘कॉन्फिग’मधील भाग पुसल्यास तुमच्या आवडीनिवडी जातील, आणि ‘लोकल’च्या आतील ‘शेअर’मध्ये मात्र उघडून पाहिल्याशिवाय काही पुसू नये, कारण काही प्रोग्राम तुम्ही तयार केलेल्या गोष्टी तिथेच ठेवतात.

एपीटीऐवजी फ्लॅटपॅक या वेगळ्या पॅकेज पद्धतीने घेतलेले ॲप असेल तर त्याचा डेटा होममधील लपलेल्या ‘व्हार’च्या आतील ‘ॲप’मध्ये असतो आणि अनइन्स्टॉल करताना ‘डिलीट-डेटा’ हा पर्याय दिला तरच जातो. स्नॅप, म्हणजे उबुंटूतील अशाच दुसऱ्या पद्धतीचे पॅकेज, काढताना सिस्टिम डेटाची एक प्रत आपणहून घेते आणि साधारण ३१ दिवस ठेवते, त्यामुळे मोठे स्नॅप काढूनही जागा मोकळी झाली नाही तर आधी ‘स्नॅप सेव्ह्ड’ ही आज्ञा देऊन त्या प्रती पाहा. नको असलेली प्रत तिच्या क्रमांकासह ‘स्नॅप फर्गेट’ लिहून काढता येते.