बोट कुठे ठेवलंस?

अगं, तुझा मेसेज काल रात्री बघितला, 11 वाजून गेले होते म्हणून लगेच काही लिहिलं नाही, आणि खरं सांगायचं तर थोडी चिडलेही होते. म्हणे "मावशी, मॉकला इंग्लिशमध्ये 30 पैकी 8 आले, मी ते सोडून क्वांट आणि रीझनिंगवरच जोर देऊ का?" सोडून कसं देशील? आयबीपीएसच्या पीओच्या, म्हणजे बँक अधिकाऱ्याच्या, प्रीलिमला इंग्लिशचा कटऑफ वेगळा असतो, गणितात पैकीच्या पैकी आणलेस तरी इंग्लिशमध्ये अडकलीस की घरी. हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहितेय, तरी विचारतेस म्हणजे घाबरलीयस. ठीक आहे. पण पळायचा रस्ता मला विचारू नकोस.

तू पाठवलेले स्क्रीनशॉट मी सकाळी वाशीच्या ट्रेनमध्ये झूम करून करून वाचले आणि ऐरोली येईपर्यंत कळलं की तुझं इंग्लिश कच्चं नाहीच आहे. त्या यूपीआयच्या उताऱ्याचं बघ. लेखक सरळ म्हणतोय की भाजीवाले, चहावाले यूपीआय घ्यायला लागले ते सुट्ट्या पैशांच्या कटकटीमुळे. आणि तू टिक केलंस नोटाबंदीवर! का, तर नोटाबंदी 2016 च्या नोव्हेंबरात झाली, यूपीआय त्याच वर्षी आलं, तू करंट अफेअर्स घोटून बसलीयस, तुला सगळं माहितेय. अगं पण त्या उताऱ्यात नोटाबंदी हा शब्द कुठे आहे ते मला दाखव. बोट ठेव. नाहीच ठेवता येणार, कारण तो शब्द तिथे नाहीये. जगात ते खरं असेल, पेपर तपासणाऱ्याला त्याच्याशी काही देणंघेणं नाही.

चुकलेली बाकीची पण बघ, 9 पैकी 5 अशीच आहेत. बोट ठेवायला जागा नाही तिथे तू उत्तर ठेवलंस.

मी हे एवढं तावातावाने का सांगतेय ते तुझ्या आईला माहितेय, तुला नसेल. 1993 साली मी पण बँकेची परीक्षा दिली होती. इंग्लिशचा उतारा आला तो नेमका कापड गिरण्यांवर. माझे बाबा गिरणीत होते, 82 च्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा मी पाचवीत होते, लालबागची खोली सोडून आम्ही कळव्याला कसे आलो ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती. उतारा म्हणत होता की गिरण्या बुडाल्या त्या जुन्या मशिनरीमुळे, मालकांनी नवी घेतलीच नाही म्हणून. मी दोन ओळी वाचल्या, डोकं तापलं, आणि पुढचे सगळे प्रश्न मी बाबांच्या बाजूने सोडवले. अक्षरशः. नाव लागलं नाही. आता त्या एका उताऱ्याने गेलं की गणिताने, देव जाणे, पण मी मनात त्या उताऱ्यालाच धरून बसलेय. आणि आजही मला वाटतं की त्या लेखकाने अर्धीच गोष्ट सांगितली होती, त्यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. फक्त परीक्षेच्या हॉलमध्ये घालायला नको होता.

त्यानंतर मी कस्टम्स क्लिअरिंगच्या, म्हणजे बंदरातून जाणाऱ्या-येणाऱ्या मालाचे कागद करणाऱ्या, ऑफिसात लागले आणि 30 वर्षं दुसऱ्याचं इंग्लिश वाचतेय. एक्स्पोर्टरला पैसे मिळायचे तर एलसी म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट असतं, बँकेची पैसे देण्याची हमी, त्यात लिहिलेलं असतं की माल कुठल्या तारखेपर्यंत जहाजावर चढला पाहिजे, कुठले कागद पाहिजेत. एका पावसाळ्यात आमचा एक कंटेनर 9 तारखेला न्हावाशेवा बंदरात आत गेलेला, एलसीत शेवटची तारीख 10, जहाज लेट झालं, आणि बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या कागदावर, तारीख पडली 11. बँकेने कागद अडकवले. मी दोन दिवस फोनवर भांडले, अहो माल आत होता, गेट पास आहे, सगळ्यांना माहितेय पाऊस किती होता. पलीकडचे साहेब शांतपणे म्हणाले, मॅडम, आम्ही कागद बघतो, माल नाही. नंतर कळलं की ही काही त्यांची मुजोरी नाही, नियमच तसा आहे. यूसीपी 600 म्हणून एलसीची नियमावली आहे, 2007 पासून लागू, तिच्यात स्पष्ट लिहिलंय की बँकेचा संबंध कागदपत्रांशी, मालाशी नाही. तिथे मला तो गिरण्यांचा उतारा आठवला, काय सांगू. तू ज्या नोकरीसाठी परीक्षा देतेयस त्या नोकरीत उद्या तुला हेच करायचंय आणि तेव्हा माझ्यासारखी एखादी बाई फोनवर ओरडत असेल.

त्याच नियमावलीत अजून एक आहे. एलसीत रकमेच्या किंवा वजनाच्या आधी 'अबाऊट' एवढा एकच शब्द असला तर 10 टक्के इकडेतिकडे चालतं. एका शब्दाला 10 टक्के! आणि तू 'सम' आणि 'मोस्ट' वरून घसरत जातेस. उताऱ्यात 'सम बँक्स' आहे, ऑप्शनमध्ये नुसतं 'बँक्स', तू घेतलंस. बोट ठेवलं असतंस तर बोटाखालीच 'सम' आलं असतं. हां, आणि क्लासवाले सांगतात ना की 'ओन्ली', 'ऑलवेज' दिसलं की ऑप्शन उडवा, ते डोळे झाकून करू नकोस, लेखकाने स्वतःच 'ओन्ली' म्हटलं असेल तर काय करशील?

स्क्रीनवर बोट कसं ठेवू असं विचारशील, माउसचा बाण ठेव ना. उतारा आधी एकदा सलग वाच, तीन-साडेतीन मिनिटात, अडलेल्या शब्दापाशी थांबू नकोस. मग प्रश्न वाच, ऑप्शन नको, आधी बाण ओळीवर ने, मग पाच ऑप्शन बघ. ओळ सापडली नाही तर सोड, चुकलं की पाव मार्क कापतात, तो का घालवायचा. मुख्य मुद्दा किंवा लेखकाचा सूर विचारला तर एक ओळ मिळणार नाही, तिथे प्रत्येक पॅरातली एक दाखवता आली पाहिजे. शब्दार्थाचं पण तेच, 'चेक' म्हणजे तपासणंच असं नाही, 'टू चेक इन्फ्लेशन' असेल तर तो महागाईला लगाम आहे, म्हणून त्या वाक्यात जाऊन बघ. ती 500 शब्दांची यादी पाठ करतेस ती बंद कर आता, महिनाभर रोज एक अग्रलेख वाच, पेपर घडी करून ठेव आणि लेखक काय म्हणाला ते मराठीत एका वाक्यात मोठ्याने बोल. तुझं मत नको. तो काय म्हणाला ते.

मराठी मीडियमचं मला सांगू नकोस, मीही त्याच शाळेतली.

रविवारी 4 नंतर ये, आधी नको, मी झोपलेली असते. दोन नवे उतारे प्रिंट काढून आण, आणि पेन्सिल, मोबाईल नाही. प्रत्येक उत्तराला मी विचारणार आहे बोट कुठे ठेवलंस, आणि तू "मला वाटलं" म्हणालीस की चहा बंद. आईला सांग तिचा डबा माझ्याकडेच राहिलाय, तो पण घेऊन जा.