बियांत चरबी नसते. आणि मेदाचा मित्र

‘बिया रुजताना त्यांतली चरबी विरघळते, हे वाक्य बरोबर आहे का? की मेद म्हणावे?’ असे एका वाचकाने विचारले आहे.

बरोबर नाही. हल्ली ‘वनस्पतींची चरबी’ ऐकून ऐकून कान किटले आहेत. फारसीत ‘चर्ब’ म्हणजे नुसते ओशट, मग ते कशाचेही असो, एवढ्या आधारावर काही जाणकार हा प्रयोग खपवतात. पण शब्द फारसीतून आला म्हणून त्याचा मराठी अर्थही फारसी कोशात शोधायचा? मराठीत चरबी अंगावर चढते. ती प्राण्याच्या कातडीखाली, आतड्यांभोवती, मेदपेशींत साठते. बियांत असते ते तेल, बारीक थेंबांचे; प्रत्येक थेंबाला प्रथिनांचे आवरण, म्हणून ते एकमेकांत मिसळत नाहीत. तेलबियांना चरबीबिया कोणी म्हटल्याचे ऐकले आहे?

दोन्हींना सामावणारा शब्द हवा असेल तर तो चरकसंहितेत तयार आहे: स्नेह. सूत्रस्थानाच्या 13व्या अध्यायात स्नेहाच्या दोन योनी, म्हणजे उगम, सांगितल्या आहेत, स्थावर (वनस्पती) आणि जंगम (प्राणी). आपला ‘स्निग्ध पदार्थ’ याच स्निह् धातूतला.

आता मेद, आणि खरा आनंद इथे आहे. धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियामूळांच्या यादीत, ‘ञिमिदा स्नेहने’ असा मिद् (स्निग्ध होणे) धातू आहे. मेद त्यातून आला. उणादिसूत्रे (शब्द साधण्याचे जुने व्याकरणनियम) याच मिद्‌पासून ‘मित्र’ही साधतात, आणि यास्क हा प्राचीन व्युत्पत्तिकार आपल्या निरुक्तात मित्राच्या व्युत्पत्ती देताना ‘मेदयतेर्वा’ (किंवा मिद् धातूवरून) हा पर्याय नोंदवतो. मेद आणि मित्र एकाच घरातले! आधुनिक पंडितांना हे मान्य नाही. मेये या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने 1907 साली मित्र म्हणजे मुळात ‘करार’ असे मांडले, तेव्हापासून बहुतेक जण तीच री ओढतात आणि अवेस्ता या प्राचीन इराणी धर्मग्रंथातला ‘मिथ्र’ पुढे करतात. मित्र या वैदिक देवाच्या नावापुरते ते खुशाल खरे असो. पण संस्कृतात मित्र हा देव पुल्लिंगी आणि सोबती या अर्थाचे ‘मित्रम्’ नपुंसकलिंगी, याची वाट कशी लावणार? माझ्या मते हे मुळात दोन वेगळे शब्द होते, पुढे एकरूप झाले. ‘मित्त्र’ असे द्वित्त तकाराने लिहिलेले रूपही आढळते, ते मिद् + त्र याच फोडीला जुळते. स्नेहावरून ‘स्नेही’ झालेला चालतो, तर मिद्‌वरून मित्र झालेला का चालू नये? यास्काला एका ओळीत निकालात काढणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

राहिले ‘विरघळते’. ते तर चरबीपेक्षाही चुकीचे. स्निग्ध पदार्थ पाण्यात विरघळत नाही, हाच त्याचा स्वभाव. म्हणून तर रक्तातून जायला त्याला प्रथिनांची सोबत लागते आणि आतड्यात पित्तरसाला आधी त्याचे बारीक थेंब करावे लागतात. मग लायपेज हे विकर (एन्झाइम) त्याची मेदाम्ले (फॅटी अ‍ॅसिड) सुटी करते. (मेदाम्ल हा शब्द रुळला आहे, तो वनस्पतींसाठीही बिनदिक्कत वापरावा.) बीमध्येही लायपेजच हे काम करते, पण पुढे एक करामत घडते: त्या मेदाम्लांची साखर होते आणि कोंबाकडे तेल नव्हे, साखर जाते. मेदाम्लांपासून अशी साखर करणे माणसाच्या शरीराला जमत नाही.

तेव्हा वाक्य असे लिहा: ‘बिया रुजताना त्यांतल्या तेलाचे विघटन होते.’