टेललाइट घरीच काळे केले आणि मागून बाइक धडकली

प्रश्न : मी चाकणला राहतो. माझ्या हॅचबॅकच्या टेललाइटवर मी घरीच काळ्या टिंट स्प्रेचे चार हात मारले होते. गेल्या आठवड्यात रात्री आठच्या सुमारास वळण्यासाठी वेग कमी केला आणि मागून बाइक धडकली. बाइकस्वाराच्या मनगटाचं हाड मोडलं. ‘ब्रेकलाइट दिसलाच नाही’ असं त्याने पोलिसांना सांगितलंय. गाडीत फेरफार केल्याचं ई-चलानही मला आलंय. पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे. मित्र म्हणतात, चलान भरून टाक आणि सर्व्हेअर यायच्या आत स्प्रे पुसून काढ. तसंही मागून ठोकणाऱ्याचीच चूक धरतात ना?

उत्तर : स्प्रेला आत्ता हात लावू नका. पोलिसांनी दिव्यांची नोंद केलेली असणार, बाइकस्वाराचा जबाबही त्यावरच आहे. अशा वेळी दिवे अचानक लख्ख दिसले तर मूळ चूक बाजूला राहील आणि पुरावा नाहीसा केल्याचा आरोप (भारतीय न्याय संहिता, कलम २३८) अंगाशी येईल. मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी, पंचनामा आणि विमा सर्व्हे, तिन्ही उरकेपर्यंत दिवे आहेत तसेच ठेवा. त्यानंतरही बदलण्याआधी तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि पोच घ्या. तोवर गाडी रस्त्यावर काढू नका. दोष माहीत असून चालवली, असं म्हणायला आता कुणालाही अडचण येणार नाही.

चलानची घाई करू नका, पण विसरूही नका. आधी त्यावरचं कलम वाचा. फेरफाराचं असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८२अ(४) असेल. त्यात प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हा गुन्हा तडजोडपात्र आहे, म्हणजे रक्कम भरून मिटतो. मात्र पुढे पुन्हा पकडले गेलात तर हे भरणं पहिला गुन्हा म्हणून मोजलं जातं. तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. पैसे भरणं म्हणजे अपघाताच्या दोषाची कबुली नव्हे, असा युक्तिवाद करता येतो, पण नुकसानभरपाईच्या दाव्यात समोरचा वकील ती पावती दाखवणारच. म्हणून अपघाताचं प्रकरण पाहणाऱ्या वकिलाला चलान दाखवा आणि मगच भरा.

‘आरसी बुकात टेललाइटचा उल्लेखच नाही, मग फेरफार कसला?’ हा बचाव बरेच जण घेतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करायला मनाई करतं; तेवढ्यापुरतं बोलायचं तर या बचावात थोडा जीव आहे. पण जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमाचा अर्थ कडक लावला आहे. शिवाय १८२अ(४) ला आरसीतल्या नोंदीची गरज नाही, नियमांत न बसणारा बदल पुरे. काचांच्या काळ्या फिल्मवरचा २०१२ चा निकालही इथे ओढू नका. तिथले ७० आणि ५० टक्के, म्हणजे किमान किती प्रकाश आरपार जायला हवा ते प्रमाण, काचांसाठी आहेत, टेललाइटला अशी कुठलीही सूट नाही. स्प्रेच्या डब्यावर काहीही छापलेलं असो.

केंद्रीय मोटार वाहन नियम १०५ प्रमाणे मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसायला हवा. १०२ मध्ये ब्रेकलाइट आणि इंडिकेटर येतात, १०४ मध्ये रिफ्लेक्टर. रिफ्लेक्टरकडे कुणाचं लक्षच जात नाही. बहुतेक गाड्यांत तो टेललाइटच्या लेन्समध्येच किंवा बंपरवर असतो आणि दिवे बंद असताना मागच्याच्या हेडलाइटने चमकतो. त्यावर निम्मा प्रकाश अडवणारा थर बसला की आत जाताना निम्मा जातो, परतताना उरलेल्याचा निम्मा. शेवटी मागच्याच्या डोळ्यांपर्यंत चतकोर पोचतो. ब्रेकलाइटही थरामुळे मंदावतो. २१/५ वॅटच्या बल्बमध्ये पार्किंगला ५ वॅटची फिलामेंट जळते, ब्रेकला २१ वॅटची. या फरकावरूनच मागच्याला ब्रेक कळतो. काळ्या थराखालचा ब्रेकलाइट साध्या पार्किंग लाइटसारखा वाटला, तर बाइकस्वाराचं म्हणणं खोटं ठरवणं अवघड आहे.

आता चूक कुणाची. मागच्या वाहनाने अंतर राखायचं असतं, त्यामुळे पहिलं बोट त्याच्याकडेच जातं. पण मोटार अपघात दावा न्यायाधिकरण दोष टक्क्यांत वाटतं आणि मागचे दिवे दिसत नसलेल्या वाहनावर त्यातला वाटा पडतो. फौजदारी बाजूला मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(१) सगळ्यात जवळचं. दोष असलेलं वाहन चालवलं आणि त्या दोषामुळे कुणी जखमी झालं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार दंड, किंवा दोन्ही. हाड मोडणं कायद्यात गंभीर दुखापत धरतात, त्यामुळे न्याय संहितेचं १२५(ब) लागू शकतं : तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ते जामीनपात्र आहे. आसपासच्या दुकानांचं किंवा पेट्रोल पंपाचं सीसीटीव्ही चित्रण थोड्याच दिवसांत पुसलं जातं. ते जपून ठेवायला पोलिसांना आणि पंपचालकाला आजच लेखी सांगा. तुमचा इंडिकेटर आणि बाइकचा वेग त्यात दिसला तर तेच तुमच्या सगळ्यात उपयोगाचं.

विम्याची दोन खाती वेगळी ठेवा. बाइकस्वाराची भरपाई हा थर्ड पार्टी भाग. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये विमा कंपनीला मोजकेच बचाव दिले आहेत आणि टिंट केलेला दिवा त्यात नाही. तेव्हा ती जबाबदारी कंपनीला सहसा झटकता येत नाही. तुमच्या गाडीच्या दुरुस्तीचं गणित निराळं. गाडी सुस्थितीत ठेवायची अट पॉलिसीत असते, कंपनी तिथेच बोट ठेवेल. क्लेम फॉर्ममध्ये फेरफाराचा प्रश्न असेल तर खरं लिहा. खोट्या उत्तराने अख्खा क्लेम जातो, खऱ्या उत्तराने फार तर कापला जातो. अटभंगाच्या काही प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम द्यायला लावली आहे, तो निकाल पुढे करता येईल. कंपनीने क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार, आणि महिनाभरात समाधान झालं नाही तर पुण्यातले विमा लोकपाल. तिथे फी लागत नाही.

मोकळीक मिळाली की स्प्रे काढण्यासाठी थिनर, पेट्रोल किंवा ॲसिटोन वापरू नका, प्लास्टिकच्या लेन्सला बारीक तडे जातात. ८०० नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात करून २००० पर्यंत पाण्यात घासणं आणि शेवटी पॉलिशिंग कंपाउंड, हा मार्ग आहे, पण चार हातांच्या थराला वेळ लागतो आणि लेन्स डागाळलेलीच राहू शकते. त्यापेक्षा कंपनीची नवी असेंब्ली बसवा. त्यासाठी आरटीओत नोंद करावी लागत नाही. बिल जपा. काढलेले जुने दिवे खोक्यात घालून वकिलाला सांगून ठेवा, न्यायाधिकरणात ते मागितले जाऊ शकतात.