जपानमधलं डोंगरातलं गाव बघायचंय, आई-बाबा सोबत आहेत, सगळे शाकाहारी, कुठे जावं?

कोयासान. आणि रात्र तिथेच काढा, सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचा प्लॅन करू नका.

तुम्ही लिहिलंय की टोकियो, क्योटो, ओसाका ठरलंय, मधे दोन दिवस मोकळे आहेत आणि ताकायामा, हाकोने, कोयासान यातलं एक निवडायचंय, शिवाय कोयासान ओसाकाहून एका दिवसात उरकता येईल का आणि आई-बाबांच्या गुडघ्यांना झेपेल का असंही विचारलंय. मी ओसाकात नोकरीला आहे आणि घरून कोणी आलं की त्यांना कोयासानला नेतोच, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो. ताकायामा सुंदर आहे, जुन्या लाकडी घरांची गल्ली, नदी, सकाळचा बाजार सगळं छान, पण तिथे दर दुसऱ्या दुकानावर हिदा बीफची पाटी असते आणि तुमच्या आई-बाबांना तिथे जेवणाची चिंताच जास्त होईल. हाकोने फुजी दिसला तर मस्त, नाही दिसला तर बरंचसं हॉटेल आणि रोपवे. तुमच्या घरच्यांसाठी मी डोळे झाकून कोयासान म्हणेन.

हे गाव वाकायामा जिल्ह्यात, साधारण ८०० मीटर उंचीवर, आठ शिखरांच्या मधल्या सपाट जागेत वसलंय. तिथले लोक त्या शिखरांना कमळाच्या पाकळ्या म्हणतात. ८१६ साली सम्राट सागाने ही जागा कूकाई नावाच्या भिक्षूला दिली, त्यालाच पुढे कोबो दाइशी म्हणायला लागले. हा माणूस ८०४ मध्ये समुद्र ओलांडून चीनला गेला, तिथे चांगआन या तेव्हाच्या राजधानीत तांत्रिक बौद्ध मताची दीक्षा घेतली, प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूकडे संस्कृत शिकला आणि परत येऊन शिंगोन पंथ सुरू केला. आज गावात ११७ देवळं आहेत आणि त्यातल्या पन्नासेक देवळांत पाहुण्यांना राहता येतं, त्याला शुकुबो म्हणतात. २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. पण हे गाव म्हणजे नुसतं तीर्थ नाही, शाळा आहे, युनिव्हर्सिटी आहे, पोस्ट, किराणा, मिठाईची दुकानं, सगळं एका मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना.

आता रात्र का राहायची ते सांगतो. दिवसा अकरा ते तीन बसेस भरून माणसं येतात, फोटो काढतात, जातात. साडेचार-पाचनंतर देवळं बंद होतात, दुकानं पटापट आवरतात आणि रस्ता रिकामा होतो. मग देवळात जेवण, अंघोळ, रात्री ओकुनोइन या समाधिस्थळाच्या वाटेवर फेरी आणि पहाटे प्रार्थना. कोयासान म्हणून जे काही आहे ते या वेळेतच आहे, आणि ते दिवसाच्या ट्रिपवाल्यांच्या वाट्याला येतच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं कारण एवढ्या लांब येऊन माणसं तासभर घड्याळ बघत फिरतात.

जेवण. याच्यासाठी तरी आई-बाबांना न्याच. जपानमध्ये शाकाहारी माणसाला खरा त्रास मांसाचा नसतो, ते दिसतं तरी, त्रास असतो दाशीचा. दाशी म्हणजे सूपाचं, भाजीचं, सॉसचं मूळ पाणी, आणि ते बहुतेक ठिकाणी सुक्या माशाचं असतं, त्यामुळे नुसत्या भाज्यांचा बाऊल मागवला तरी त्यात मासा आलाच. देवळातलं शोजिन र्‍योरी म्हणजे भिक्षूंचं जेवण, त्यात मांस नाही, मासा नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही, आणि दाशी कोम्बू नावाच्या समुद्री वनस्पतीची आणि सुक्या शिताके मशरूमची. लाल लाखेच्या छोट्या चौरंगावर एकेक वाटी मांडून आणतात. त्यात गोमादोफू असतं, म्हणजे तीळ वाटून कुडझू नावाच्या कंदाच्या पिठात शिजवून घट्ट केलेलं, नावात तोफू असलं तरी सोयाबीन त्यात नसतंच, वर चिमूटभर वासाबी म्हणजे झणझणीत हिरवी पेस्ट आणि थोडं सोया सॉस, चमच्याने कापलं की किंचित चिकट ताणतं आणि तोंडात तिळाचा दाट वास राहतो. माझ्या आईने पहिल्यांदा ते खाल्लं तेव्हा लगेच विचारलं की गूळ घातला तर? दुसरं म्हणजे कोयादोफू, गोठवून सुकवलेलं तोफू म्हणजे सोयाबीनचं पनीर, परत भिजवून मंद गोडसर रसात शिजवतात, स्पंजसारखं रस धरून ठेवतं. सोबत तेम्पुरा म्हणजे भज्यांसारख्या तळलेल्या भाज्या, लोणची, भात, सूप. एकच सांगून ठेवतो, मुळा, गाजर, कमळाची मुळं असतात, म्हणजे घरात कोणी जैन पद्धतीने कंदमुळं टाळत असेल तर बुकिंग करतानाच लिहून विचारा. आणि तिखटाची अपेक्षा ठेवू नका, चटणीची पुडी सोबत ठेवली तर कोणी काही म्हणत नाही, फक्त आधी एकदा तसंच खाऊन बघा.

जेवण साडेपाच-सहाला येतं, हे लक्षात ठेवा. आपल्याकडे तेव्हा चहा होतो. उशिरा पोचलात तर जेवण मिळणार नाही, त्यामुळे पाचच्या आत चेक-इन.

ओकुनोइन हा या गावाचा गाभा. इचिनोहाशी नावाच्या पुलापासून कूकाईच्या समाधीपर्यंत साधारण दोन किलोमीटरची दगडी वाट, दोन्ही बाजूंना शेकडो वर्षं जुने सुगी म्हणजे जपानी देवदार वृक्ष आणि त्यांच्या खाली दोन लाखांच्या वर समाध्या आणि स्मृतिशिळा. कूकाई ८३५ मध्ये गेला असं इतिहास सांगतो, पण इथले लोक मानतात की तो गेलेला नाही, आत ध्यानात बसलाय, आणि म्हणून आजही रोज दोन वेळा, सकाळी सहाला आणि साडेदहाला, भिक्षू लाकडी पेटीतून त्याच्यासाठी जेवण घेऊन जातात. हे सांगताना मला आपल्या लोकांना फार समजवावं लागत नाही, आळंदीला जाऊन आलेल्या माणसाला संजीवन समाधी म्हटलं की पुरतं. माझ्या बाबांनी तिथे पोचल्यावर आपसूक चपला काढायला सुरुवात केली, तिथे तशी गरज नसते. शेवटचा पूल म्हणजे गोब्योबाशी, त्याच्या पुढे फोटो नाही, खाणं-पिणं नाही, टोपी काढायची. आत तोरोदो म्हणून दिव्यांचं सभागृह आहे, दहा हजारांच्या वर दिवे.

वाटेतल्या समाध्या नीट बघत जा. जपानच्या इतिहासात एकमेकांचे गळे कापणारी माणसं इथे शेजारी आहेत. सगळा जपान आपल्या ताब्यात आणायला निघालेल्या ओदा नोबुनागाने १५८१ मध्ये याच कोयासानला वेढा घातला होता, पुढच्या वर्षी त्याच्याच सरदाराने, आकेची मित्सुहिदेने, त्याच्यावर उलटून हल्ला केला आणि त्यात तो संपला. दोघांचीही स्मारकं याच झाडीत आहेत. ताकेदा शिंगेन आणि उएसुगी केनशिन हे त्याच काळातले दोन सरदार आयुष्यभर एकमेकांशी लढले, आता वाटेच्या दोन बाजूंना जवळजवळ समोरासमोर. नव्या भागात तर कंपन्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी बांधलेली स्मारकं आहेत, एक रॉकेटच्या आकाराचं, एक कॉफीच्या कपाचं, आणि वाळवी मारणाऱ्या व्यवसायातल्या लोकांनी मेलेल्या वाळवीसाठी बांधलेलंसुद्धा. मला हे शेवटचं फार आवडतं. पोटासाठी ज्यांना मारावं लागलं त्यांच्यासाठीही दगड उभा करायचा, ही भावना किती खरी आहे.

आणि एक गोष्ट मुद्दाम बघायची. वाटेभर पाच दगड एकावर एक रचलेल्या समाध्या दिसतील, खाली चौकोनी, मग गोल, मग छपरासारखा, मग अर्धगोल आणि टोकाला कळीसारखा. ही पंचमहाभूतं आहेत, पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश, त्याच क्रमाने खालून वर. प्रत्येक दगडावर एकेक अक्षर कोरलेलं असतं, लिपी सिद्धम्, जी ब्राह्मीतूनच आलेली, आणि अक्षरं खालून वर अ, व, र, ह, ख. शेवाळ नसेल तर बोटाने गिरवता येतात. आमच्या बरोबरच्या जपानी मंडळींना ती नक्षी वाटत होती आणि माझी सातवीतली भाची मात्र दगडासमोर उभी राहून ‘हा र आहे का’ विचारत होती. सोबत मुलं असतील तर त्यांना आधी हे सांगून न्या.

जायचं कसं तर ओसाकाच्या नाम्बा स्टेशनवरून नानकाई कोया लाइन, गोकुराकुबाशीपर्यंत, एक्स्प्रेसने साधारण पावणेदोन तास, वेगळं तिकीट काढून लिमिटेड एक्स्प्रेस घेतली तर थोडं कमी. हाशिमोतो स्टेशननंतर गाडी दरीच्या कडेने वळणं घेत हळू चढते, खिडकी पकडा. पुढे केबल कार, पाच मिनिटांत तीनशे मीटरच्या वर चढते, तिथून गावात बस. स्टेशनपासून गावाच्या वेशीपर्यंत रस्ता फक्त बसचा आहे, चालत जाऊ देत नाहीत. नानकाईचं एक जोडतिकीट मिळतं ज्यात जाणं-येणं आणि वरच्या बसेस दोन दिवस येतात, ते घ्या. मोठ्या बॅगा मात्र ओसाकातच लॉकरमध्ये किंवा हॉटेलवर ठेवा, एक रात्रीचं सामान पाठीवर घ्या. बस जिथे गावात शिरते तिथे न्योनिन्दो नावाचं छोटं देऊळ लागेल, उतरून बघा. १८७२ पर्यंत बायकांना या गावात बंदी होती, त्या इथपर्यंत यायच्या आणि डोंगराच्या कडेकडेने फिरून आतल्या देवळांच्या दिशेने हात जोडायच्या. अशी सात देवळं होती, उरलंय हे एकच. तुमच्या आईला हे सांगा.

आई-बाबांच्या गुडघ्यांचं विचारलंत म्हणून. खोलीत बहुतेक ठिकाणी तातामी म्हणजे गवती चटईवर फुतोन, म्हणजे जमिनीवरची गादी. काही देवळांत पलंग आणि स्वतःचं टॉयलेट असलेल्या खोल्या आहेत, महाग आहेत पण त्याच घ्या, कारण रात्री थंड लाकडी व्हरांड्यातून टॉयलेटला जाणं वयस्कर माणसांना जड जातं. अंघोळीची जागा सामायिक असते, पुरुष-बायका वेगळ्या, पण कपडे न घालता जायचं असतं, हे त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर दारात जाऊन परत येतात. दोन वेळच्या जेवणासकट माणशी बारा-पंधरा हजार येनपासून पुढे धरा, चांगल्या खोल्या बऱ्याच वर जातात. ओकुनोइनला जाताना इचिनोहाशीपासून चालत आत जा, वाट बरीचशी सपाट आहे, मधे थोड्या पायऱ्या, आणि परत येताना ओकुनोइन-माए या बस स्टॉपच्या बाजूने बाहेर पडून बस पकडा, म्हणजे परतीची चाल निम्मी होते.

पहाटेची प्रार्थना सहा-साडेसहाला असते. सक्ती नसते, पण उठाच. सूत्रपठण, घंटा, मग पाहुण्यांना एकेक करून पुढे बोलावतात, धुपाची भुकटी चिमटीने निखाऱ्यावर टाकायची आणि हात जोडायचे. काही देवळांत त्यानंतर होम असतो, त्यांच्याकडे गोमा म्हणतात, पुजारी मंत्र म्हणत समिधांवर समिधा टाकतो, समोर फुदो म्योओ म्हणजे आपला अचलनाथ, हातात तलवार आणि पाश. ज्याला घरच्या वास्तुशांतीचा धूर आठवतो त्याला तिथे परकं वाटणार नाही. बुकिंग करतानाच होम असलेलं देऊळ निवडा.

बाकी कोंगोबुजी या मुख्य देवळातली दगडांची बाग आणि दांजो गारान या देवळांच्या आवारातला लाल कोन्पोन दाइतो म्हणजे मोठा स्तूप हे सकाळी नऊच्या आत-बाहेर बघून घ्या, गर्दी व्हायच्या आधी. दाइतो साडेअठ्ठेचाळीस मीटर उंच आहे, आताचा १९३७ साली बांधलेला, आत मधोमध महावैरोचन म्हणजे शिंगोन पंथाचा मुख्य बुद्ध आणि खांबांवर रंगवलेले बोधिसत्त्व.

कधी जायचं म्हणाल तर ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा, पानं क्योटोच्या आधी इथे लाल होतात, पण त्यासाठी खोली काही महिने आधी धरावी लागते. ऑगस्टमध्ये येणार असाल तर १३ तारखेला ओकुनोइनच्या वाटेवर लोक मेणबत्त्या लावतात, ते बघण्यासारखं आहे. जानेवारी-फेब्रुवारीत बर्फ असतो आणि पारा शून्याच्या खाली जातो, आई-बाबांसोबत तेव्हा नको. एप्रिल-मेमध्येसुद्धा रात्री स्वेटर लागतोच. तारखा पक्क्या झाल्या की इथेच लिहा, कुठल्या देवळात पलंगवाली खोली मिळतेय ते बघून सांगतो.